तब्येत ठणठणीत असताना एचआयव्हीच्या गोळ्या आत्ताच कशाला?

खाडीपलीकडचा (ऐरोली) · ११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. नवीन आयडी काढून लिहिणार होतो, मग म्हटलं त्यात लपवण्यासारखं काय आहे.

माझा मामेभाऊ, वय ३१. आमच्या सेक्टरच्या मंडळाचं २६ जानेवारीला रक्तदान शिबिर असतं, हा दरवर्षी रक्त देतो. यंदा आठवड्याभराने रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन जा, फोनवर नाही सांगत." तिथून सरकारी तपासणी केंद्रात पाठवलं. एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या किटने चाचणी केली, तिन्ही पॉझिटिव्ह. सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६१२. मागच्या वर्षी त्याच शिबिरात रक्त दिलं होतं तेव्हा फोन आला नव्हता, म्हणजे लागण या वर्षभरातलीच दिसते.

डॉक्टर म्हणतात गोळ्या याच आठवड्यात सुरू करा. भाऊ म्हणतो, मला झालंय काय? वजन तेवढंच, ताप नाही, खोकला नाही, रविवारी चाळीस रन काढले. एकदा सुरू केली की आयुष्यभर, मग जितकी उशिरा तितकी बरी. त्यात आमच्या बाबांनी तेल ओतलं. त्यांच्या कंपनीतल्या एकाला म्हणे २००६ साली स्पष्ट सांगितलं होतं, "अजून गरज नाही, सीडीफोर उतरला की या."

दोघांतलं खरं कोण? घरी आई-मामीला काही माहीत नाही. मला आणि बाबांनाच ठाऊक आहे.

घोडबंदरग्रस्त (ठाणे) · ११ फेब्रुवारी, रात्री ११:४१

मला त्यातलं कळत नाही, पण घरून लवकर निघून फायदा होत नाही अशी जगात एकच जागा आहे आणि मी तिथे राहतो. भावाला सांगा, सुरू कर.

शंकासुर · १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आज सुरू केली तर चाळीस वर्षं गोळ्या, चार वर्षांनी केली तर छत्तीस. लिव्हर, किडनी आहेतच. आणि जे २००६ ला 'गरज नाही' होतं ते आज 'ताबडतोब' कसं झालं? व्हायरस तोच ना?

फुकटचा_सल्ला · १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

पण त्याला झालं कसं ते सांगाल का?

सानपाडा_लोकल · १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

तुम्हाला मधुमेह झाल्यावर कोणी किती जिलब्या खाल्ल्या विचारलं होतं का? धाग्याचा प्रश्न वेगळा आहे.

डॉ_सुट्टीवर (ठाणे) · १२ फेब्रुवारी, दुपारी २:३०

शंकासुर, व्हायरस तोच आहे. बदलल्या दोन गोष्टी, औषधं आणि आपली माहिती.

बाबांचे सहकारी खोटं बोलत नाहीत. सरकारने मोफत औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ ला. तेव्हा साधारण सीडीफोर २००च्या खाली गेला किंवा मोठं दुखणं आलं की औषध, असाच हिशोब होता. औषधं त्रासदायक होती, म्हणून जमेल तितकं लांबवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ २०१० मध्ये ३५०वर नेली, २०१३ मध्ये ५००वर, आणि २०१५ मध्ये काढूनच टाकली: निदान झालं की औषध. भारताने हे एप्रिल २०१७ मध्ये स्वीकारलं. बाबा २००६ चं टाइमटेबल घेऊन आजची गाडी पकडतायत.

रेघ काढायला कारणीभूत ठरला 'स्टार्ट' नावाचा अभ्यास. ३५ देश, ४,६८५ माणसं, आणि सगळे तुमच्या भावासारखेच: सीडीफोर ५००च्या वर, तब्येत छान. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना सीडीफोर ३५० पर्यंत उतरेस्तोवर थांबवलं. सरासरी तीन वर्षांत गंभीर आजार किंवा मृत्यू लगेचवाल्यांत ४२ जणांना, थांबलेल्यांत ९६ जणांना. धोका ५७ टक्क्यांनी कमी. २०१५ मध्ये अभ्यास मध्येच आवरता घेऊन थांबलेल्यांनाही औषध देऊ केलं.

शंकासुर · १२ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

टक्केवारीचा खेळ आम्हालाही कळतो डॉक्टर. दोन्ही बाजूंना साधारण तेवीसशे-तेवीसशे माणसं. म्हणजे थांबलेल्यांतही बावीसशेच्या वर लोकांना काही झालं नाही!

डॉ_सुट्टीवर · १२ फेब्रुवारी, रात्री ९:४८

बरोबर, आणि हा प्रश्न विचारायलाच हवा. पण हा हिशोब तीन वर्षांचा आहे. भावाला चाळीस वर्षं काढायची आहेत असं तुम्हीच म्हणालात.

दुसरं, थांबलेल्यांना जे झालं त्यातलं बरंचसं सीडीफोर ५००च्या वर असतानाच झालं. टीबी, कॅन्सर वगैरे. म्हणजे 'आकडा चांगला आहे तोवर मी सुरक्षित' हे गृहीतच चुकीचं निघालं. सीडीफोर ही पाण्याची टाकी धरा. काट्यावर पाणी दिसतंय म्हणजे गळती नाही, असं नसतं. हा व्हायरस पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचा फडशा पाडतो. तिथून शरीरात एक बारीक धग कायम राहते, ती वर्षानुवर्षं हृदयाला, रक्तवाहिन्यांना त्रास देते. रविवारच्या चाळीस रनांत ती दिसणार नाही.

जुना_खेळाडू · १३ फेब्रुवारी, पहाटे १:१५

वाचत होतो, लिहू की नको करत होतो. लिहितो.

मी २००५ पासून पॉझिटिव्ह आहे. कळलं तेव्हा सीडीफोर ४३०. मला जे सांगितलं ते बाबांच्या मित्राला सांगितलं तेच: छान आहे, सहा महिन्यांनी या. मला त्या वाक्याचा काय आनंद व्हायचा! दर सहा महिन्यांनी जायचो, आकडा ऐकायचो, बाहेर येऊन वडापाव खायचो. ३९०. ३६०. मग ३४०. पास होत होतो ना. पुढे दोन वेळा गेलोच नाही, कारण ठणठणीत माणसाने हॉस्पिटलच्या रांगेत सुट्टी का घालवावी?

२००९ च्या पावसाळ्यात ताप धरला तो सुटेना. टीबी निघाला. सीडीफोर ८७. आधी टीबीची औषधं, मग त्यावर ही. तेव्हाच्या गोळीने पायांना मुंग्या आल्या त्या आजतागायत आहेत. डाव्या तळव्याला सतत मोजा घातल्यासारखं वाटतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, दोनदा दादर स्टेशनच्या जिन्यावर अनवाणी झालोय. गाल बसले. ऑफिसात विचारायचे, डाएट करतोस का?

कुणाला दोष देत नाही, तेव्हाचा नियमच तसा होता. पण तुमच्या भावाला मी फुकट वाट पाहून दाखवली आहे. परत पाहायची गरज नाही.

आता रात्री एक गोळी घेतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कित्येक वर्षं सापडत नाहीये. पाय मात्र तसाच आहे.

मावळतीचं_ऊन · १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

_/\_ खेळाडूदादा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

शंकासुर · १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

खेळाडू, तुमच्यापुढे वाद घालत नाही.

निसर्गमित्र_७१ · १३ फेब्रुवारी, सकाळी १०:११

(प्रतिसाद संपादकांनी काढला आहे. कुठल्याही काढ्याने एचआयव्ही 'मुळापासून जातो' असे दावे इथे करू नयेत.)

घोडबंदरग्रस्त · १३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

अरेरे, वाचायचा राहिला. गुळवेल होती की कडुनिंब?

कळव्याची_काकू · १३ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मी अशाच एका सरकारी केंद्रात बरीच वर्षं समुपदेशक होते, आता निवृत्त. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण माणूस गोळीपेक्षा त्या दाराला जास्त घाबरतो.

पहिल्या दिवशी रक्त घेतात: सीडीफोर, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, साखर, कावीळ बी आणि सी. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं हे चार प्रश्न विचारतात, टीबीसाठी. मग बोलणं होतं. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात गोळी. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी की नंतर ही कटकट नाही. पैसे नाहीत. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, बाराव्या महिन्यात पुन्हा, मग वर्षातून एकदा. नीट चाललं की दर महिन्याची फेरीसुद्धा राहत नाही, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात.

मी प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही रोज न चुकता काय करता? मार्केटला माल आणणारे एक ड्रायव्हर होते. म्हणाले, मॅडम, जेवण चुकतं, झोप चुकते, केबिनमधली अगरबत्ती चुकत नाही. म्हटलं, मग गोळी अगरबत्तीच्या पुड्याला बांधा. त्यांची गोळी कधी चुकली नाही. माझ्या केबिनलाही तो वास यायचा ते आले की.

एक मात्र सांगते. ठणठणीत माणसाची गोळी चुकण्याची शक्यता जास्त असते. आजारी माणसाला गोळीने बरं वाटतं, म्हणून तो घेतो. याला काहीच वाटणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. त्यामुळे आज त्याच्या हातात नुसती कोंबू नका, त्याला पटू द्या. पण पटवायला दोन महिने घेऊ नका.

खाडीपलीकडचा · १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

काकू, डॉक्टर, खेळाडूदादा, आभार. भावाला धागा वाचायला दिला. खेळाडूदादांचा प्रतिसाद दोनदा वाचला, बोलला काही नाही.

एक आठवलं. ऑक्टोबरमध्ये त्याला आठवडाभर सणसणून ताप होता, घसा सुजला, छातीवर पुरळ. डेंग्यू निगेटिव्ह आला, 'व्हायरल आहे' म्हणून सोडून दिलं होतं. ते हेच असेल का?

डॉ_सुट्टीवर · १४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

असू शकेल, आता खात्रीने सांगता येणार नाही. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना असाच ताप येतो आणि आपोआप जातो. त्या काळात रक्तात व्हायरस लाखोंनी असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही सगळ्यात जास्त. आपल्याकडे तापाला मलेरिया-डेंग्यूपलीकडे कोणी विचारत नाही, आम्ही डॉक्टरही नाही.

तसं असेल तर तो अजून लवकरच्या टप्प्यात आहे. हा व्हायरस पेशीत शिरून तिच्या जनुकांतच स्वतःला लिहून ठेवतो. सोप्या भाषेत, सातबाऱ्यावर आपलं नाव चढवतो. औषध अतिक्रमण हटवतं, नवीन घुसखोरी थांबवतं, पण चढलेली नोंद खोडता येत नाही. अशा नोंदीच्या पेशी झोपून राहतात, औषध थांबवलं की एखादी जागी होते आणि काही आठवड्यांत पुन्हा सगळं रान मोकळं. लवकर सुरू केलं तर नोंदीच कमी चढतात.

आगरी_बाणा (घणसोली) · १४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

दादूस, सातबाऱ्यावरून नाव काढणं किती कठीण ते आम्हाला नका सांगू. सिडकोने घेतलेल्या जमिनीबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाच्या फायलीत आमच्या तीन पिढ्या गेल्या.

घोडबंदरग्रस्त · १४ फेब्रुवारी, दुपारी १:२६

व्हायरसने तलाठ्याला किती दिले असतील?

शंकासुर · १४ फेब्रुवारी, दुपारी २:००

=)) मान्य. पण मग अगदी पहिल्या दिवशीच सुरू केलं तर एकही नोंद चढणार नाही, माणूस बराच होईल की!

डॉ_सुट्टीवर · १४ फेब्रुवारी, रात्री ८:१५

जगाला तीच आशा होती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एका बाळाला जन्मानंतर तीस तासांत औषध सुरू केलं. पुढे उपचार तुटले, तरी २७ महिने व्हायरस दिसला नाही. सगळे म्हणाले बरं झालं. २०१४ मध्ये तो परतला. फ्रान्समध्ये लागण झाल्यावर काही आठवड्यांतच औषध सुरू केलेले १४ जण आहेत, ते औषध थांबवूनही अनेक वर्षं व्हायरस आटोक्यात ठेवू शकले. पण ते अपवाद. आणि औषध मध्येच बंद-चालू करून पाहणारा मोठा अभ्यास २००६ मध्ये थांबवावा लागला, बंद करणाऱ्यांत आजार आणि मृत्यू वाढले म्हणून. तेव्हा 'लवकर सुरू करतो आणि पाच वर्षांनी सोडतो' हा बेत नको.

लगेच सुरू न करण्याची खरी कारणं थोडी आहेत. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा तिथलं बुरशीचं इन्फेक्शन असेल तर काही आठवडे थांबतात, नाहीतर एकदम जागी झालेली प्रतिकारशक्तीच मेंदूला सूज आणते. म्हणून ते काकूंचे चार प्रश्न.

मावळतीचं_ऊन · १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

लग्नाचं वय आहे म्हणून विचारते, राग नसावा. पुढे संसार, मूल?

कळव्याची_काकू · १५ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

राग कसला, निम्मे लोक दार लोटून हेच विचारतात.

लग्नाआधी मुलीला सांगायचं, यात तडजोड नाही. ते बोलणं जड जात असेल तर समुपदेशक सोबत बसतात. पण सांगितल्यावर पुढचं चित्र आता काळं नाही. एकाला लागण असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला, त्यात आपल्या पुणे आणि चेन्नईचीही जोडपी होती. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध घेतल्याने जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतर युरोपात निरोध न वापरणाऱ्या जोडप्यांना वर्षानुवर्षं पाहिलं. ज्यांचा व्हायरल लोड २००च्या खाली होता त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. शून्य. म्हणजे भाऊ आज गोळी घेतो ती फक्त स्वतःसाठी नाही.

अर्थात सहा महिने नीट घेऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध हवाच, आणि इतर गुप्तरोगांसाठी नंतरही. रक्तदान मात्र आता नाही, लोड कितीही कमी असो. मंडळाच्या पोरांना काय सांगायचं ते ठरवून ठेवा. "बीपीची गोळी सुरू आहे" बऱ्याच जणांना पुरतं.

सानपाडा_लोकल · १५ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

कंपनीत कळलं तर? आयटी पार्कात बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते.

कळव्याची_काकू · १५ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, कुणाचं नाव उघड करायचं नाही, एवढ्या कारणावरून नोकरीवरून काढायचं नाही. कायद्याने सगळी तोंडं बंद होत नाहीत हे मलाही माहीत आहे. घराजवळच्या केंद्रात ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती असेल तर दुसरीकडे नोंदणी करता येते. माझ्याकडे ठाण्याचे लोक वाशीला जाऊ म्हणायचे आणि वाशीचे ठाण्याला. ट्रान्सहार्बरला निम्मी गर्दी आमचीच, असं मी गमतीने म्हणायचे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

खाडीपलीकडचा · २० फेब्रुवारी, रात्री ११:५५

भावाने काल सुरू केली. बाबा बरोबर गेले होते, स्वतःहून. डॉक्टरांना तेच २००६ चं विचारून आले आणि येताना गप्प होते.

आता नवीन पेच. गोळ्यांची बाटली मोठी, हलवली की खुळखुळा. मामीच्या हाताला लागू नये म्हणून त्याने गोळ्या तिच्याच गुडघ्याच्या कॅल्शियमच्या रिकाम्या डब्यात भरल्या आहेत.

डॉ_सुट्टीवर · २१ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

अहो, तो डबा आधी बदला! मामी एक दिवस आपलंच समजून घेतील. गोळ्या मूळ बाटलीत राहू द्या, आत ओलावा शोषणारी पुडी असते. खुळखुळा बंद करायला वर कापूस घाला.

आणि कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधं या गोळीला पोटात धरून ठेवतात, ती रक्तात उतरत नाही. ही गोळी आधी, ती किमान दोन तासांनी. ती आधी घेतली असतील तर सहा तास थांबायचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगायचं.

घोडबंदरग्रस्त · २१ फेब्रुवारी, सकाळी ७:३३

मामीचे गुडघे मात्र व्हायरसमुक्त राहिले असते.

फुकटचा_सल्ला · ३ मार्च, रात्री १२:१०

त्या दिवशी नको ते विचारलं, माफी. एका मित्रासाठी विचारतोय. परवा रात्री एक चूक झाली. आता काही करता येतं का?

डॉ_सुट्टीवर · ३ मार्च, रात्री १२:१८

मित्राला म्हणावं झोपू नको. ७२ तासांच्या आत सुरू करायचं प्रतिबंधक औषध असतं, २८ दिवस. जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आत्ता मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. सकाळची वाट नको.

फुकटचा_सल्ला · ३ मार्च, रात्री १२:२०

निघालो.

जुना_खेळाडू · ३ मार्च, पहाटे ५:४०

पोचलास का रे?

फुकटचा_सल्ला · ३ मार्च, सकाळी ६:१५

पोचलो. पहिली गोळी घेतली. आभार मंडळी.

खाडीपलीकडचा · २ सप्टेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. भावाचा सहा महिन्यांचा रिपोर्ट आला. व्हायरल लोड सापडलाच नाही. सुरुवातीला आठवडाभर झोप उडाली होती, गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्यावर ठीक झालं. वजन तीन किलो वाढलंय, त्यातलं किती गोळीचं आणि किती गणपतीतल्या मोदकांचं ते तोच जाणे.

मामीला अजून सांगितलेलं नाही. मोबाइलवर सकाळी ७:४० चा अलार्म आहे, त्याला नाव दिलंय 'मोटर बंद कर'. मामी रोज विचारते, आपल्या बिल्डिंगची मोटर वॉचमन बघतो ना, मग तू कुठली बंद करतोस?

जुना_खेळाडू · २ सप्टेंबर, रात्री १०:४०

भले शाब्बास. पाय सांभाळ म्हणावं त्याला, क्रिकेटमध्ये.

घोडबंदरग्रस्त · २ सप्टेंबर, रात्री ११:०२

मोटर बंद करण्याइतकं पाणी येतं तुमच्याकडे? आमच्याकडे टँकरचा अलार्म आहे.